शब्दकोशांतील पक्षपात : जॉन्सनपासून किट्टेलपर्यंत

प्रवचनाची तयारी करताना एखाद्या शब्दापाशी अडखळलो म्हणजे आपण शब्दकोश उघडतो आणि तेथे मिळालेला अर्थ निःशंकपणे वेदीपर्यंत घेऊन जातो. ग्रंथकाराला मते असतात, वृत्तपत्रकाराला पक्ष असतो, इतिहासकाराला स्वदेश असतो. कोशकार मात्र ह्या सर्वांहून अलिप्त, केवळ अर्थ सांगणारा, अशी आपली समजूत असते. ह्या समजुतीला इतिहासात कितपत आधार आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. भाकर, पाणी, झाड ह्या शब्दांविषयी फारसा वाद संभवत नाही. परंतु राज्य, राष्ट्र, प्रजा, परकीय, धर्मांतर हे शब्द असे आहेत की, त्यांच्यावरून माणसे परस्परांची डोकी फोडतात. अशा शब्दापुढे लेखणी आली असता कोशकार खरोखर अलिप्त राहतो काय?

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंग्रजीतील आहे. सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५ साली लंडनमध्ये दोन प्रचंड खंडांत प्रसिद्ध झाला. सुमारे ४२ हजार शब्द आणि त्यांच्या पुष्ट्यर्थ एक लाखाहून अधिक अवतरणे, असा हा पसारा. जॉन्सन मताने कट्टर टोरी होता आणि ती गोष्ट त्याने कोशात मुळीच लपविली नाही. टोरी म्हणजे राज्याच्या प्राचीन घटनेला आणि इंग्लंडच्या ख्रिस्तसभेतील प्रेषितीय अधिकारपरंपरेला धरून राहणारा मनुष्य, अशी भारदस्त व्याख्या त्याने केली. व्हिग ह्या प्रतिपक्षाच्या शब्दापुढे मात्र एका गटाचे नाव, एवढेच लिहून तो मोकळा झाला. अबकारी कराला त्याने द्वेषास पात्र ठरविले आणि तो आकारणाऱ्यांना भाडोत्री नीच म्हटले. अबकारी खात्याचे अधिकारी चिडले व त्यांनी महाधिवक्ता विल्यम मरे यांचे मत मागविले. मजकूर बदनामीकारक आहे, परंतु लेखकाला तो बदलण्याची संधी द्यावी, असा अभिप्राय आला. जॉन्सनने एक अक्षरही बदलले नाही. त्याचे वडील लिचफील्डचे पुस्तकविक्रेते होते आणि चर्मपत्राच्या उद्योगापायी त्यांना ह्याच खात्याचा जाच झाला होता, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. व्याख्येत देशाचे अर्थकारण थोडे आणि घरचा राग अधिक होता.

सरकारी निवृत्तिवेतन ह्या शब्दाची कथा तर सर्वश्रुत आहे. राज्याच्या भाडोत्री चाकराला देशद्रोहाबद्दल मिळणारी मजुरी, असा त्याचा अर्थ इंग्लंडात सामान्यतः समजला जातो, असे जॉन्सनने लिहिले होते. पुढे १७६२ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याने त्यालाच वार्षिक ३०० पौंडांचे वेतन देऊ केले. स्वतःच्या कोशाचा हा पेच घेऊन तो मित्रांचा सल्ला विचारीत फिरला आणि शेवटी त्याने वेतन स्वीकारले. लोक पुष्कळ दिवस हसले. ह्या प्रकारचा पक्षपात वाचकाच्या डोळ्यांवर आदळतो. त्याला उत्तर देता येते, त्याची थट्टा करता येते.

पण जॉन्सनच्याच कोशात दुसऱ्या जातीचा एक पक्षपात आहे आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. शब्दाच्या प्रत्येक अर्थापुढे त्याने मान्यवर लेखकांची वाक्ये दिली. ती निवडताना तत्त्वज्ञ हॉब्ज याला त्याने जाणूनबुजून वगळले. त्याची तत्त्वे आपल्याला मान्य नाहीत, हे कारण त्याने खाजगीत सांगितले. सॅम्युएल क्लार्क हा धर्मपंडितही, पवित्र त्रैक्याविषयी त्याची मते संशयास्पद म्हणून, बाहेर राहिला. उलट रिचर्ड हूकर आणि पवित्र शास्त्र यांची वचने पानोपानी भेटतात. वाचक हा कोश चाळतो तेव्हा इंग्रजी भाषा म्हणजे अशाच सज्जनांची भाषा, असा ग्रह त्याच्या मनात नकळत बसतो. व्याख्येतील शिवी दिसते, गैरहजर साक्षीदार दिसत नाही. आपल्या मतांच्या बाजूने झालेला हा पक्षपात आपल्याला खटकत नाही, हेही मान्य केले पाहिजे. अमेरिकेत नोआ वेब्स्टर याच्या १८२८ च्या कोशात धर्मनिष्ठा ठिकठिकाणी डोकावते. तेथील काही ख्रिस्ती मंडळींनी १९६७ साली त्याची हुबेहूब प्रत छापली, ती ह्याच कारणाने. त्याच वेब्स्टरने स्वतःच्या फेडरलिस्ट पक्षाच्या व्याख्येत राज्यघटनेच्या मित्रांना आणि वॉशिंग्टनच्या नावाला स्थान दिले, हे त्या मंडळींना बहुधा अडचणीचे वाटले नसावे.

आपल्याकडे राजकीय कोशाची परंपरा जॉन्सनहून जुनी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी राज्यव्यवहारकोश सिद्ध केला, तो राज्याभिषेकानंतरच्या काळात. राजदरबारी रूढ असलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे, हा त्याचा उघड हेतू होता. सुरनीस सचिव झाला, डबीर सुमंत झाला, सरनोबत सेनापती झाला, पेशवा पंतप्रधान झाला. हा कोश शब्दांचा अर्थ सांगत नाही, नव्या राज्याचा अर्थ सांगतो, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. मौज अशी की, लोकांच्या जिभेने ह्या आज्ञेचा अर्धाच भाग मानला. पुढच्या शतकात ज्या सत्तेने अटकेपर्यंत मजल मारली, तिला आपण आजही पेशवाई ह्या फारसी नावानेच ओळखतो, आणि फडणीस व चिटणीस ही आडनावे अजून आपल्या शेजारी नांदत आहेत.

हणमंत्यांचा कोश आपला पक्ष पहिल्याच पानावर सांगतो. पुढे एकोणिसाव्या शतकात कोशरचनेचे काम छापखान्याकडे व सरकारी समित्यांकडे गेले, आणि कोशाला निनावी, अधिकृत असा आवाज प्राप्त झाला. कॅरेचा मराठी कोश श्रीरामपूरला १८१० साली निघाला. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. पुढे धर्मनिष्ठेपायी त्याने सैन्याची नोकरी सोडली; लोक त्याला मोलेसर शास्त्री म्हणत. शास्त्रीमंडळींच्या साहाय्याने त्याने रचलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. ह्या ग्रंथाचे ऋण मराठी माणसाने, आणि त्यातही मराठी ख्रिस्ती माणसाने, सदैव मानले पाहिजे. ह्या कोशाचे शब्द कोठून आले हा प्रश्न मात्र विचारावाच लागतो. ते प्रामुख्याने लेखनकलेवर ज्या वर्गाचे प्रभुत्व होते त्याच्या मुखातून आले, आणि त्या मुखातील निवाडेही शब्दांबरोबर कोशात उतरले.

मोगलाई हा शब्द घ्या. हैदराबाद संस्थानातील आपल्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांचा तो मुलूखच होता. गोदावरीपलीकडचे लोक आपण मोगलाईतले असे साधेपणाने सांगत. मराठी कोशांत मुलूख हा अर्थ आहेच, पण त्याच्या शेजारी अंदाधुंदी, बेबंद कारभार हा लाक्षणिक अर्थही आहे. पेशवाईला मात्र थाटामाटाचा, ऐश्वर्याचा अर्थ चिकटला. दोन राजवटींचा हिशेब दोन शब्दांत असा चुकता झाला आहे. गोव्याच्या वाचकांना फिरंगी ह्या शब्दाची कथा अधिक जवळची वाटेल. सोळाव्या शतकातील भावप्रकाश ह्या वैद्यकग्रंथाने एका गुह्यरोगाला फिरंगरोग हे नाव दिले आणि ते कोशांतून टिकून राहिले. राज्यकर्त्यांनीही शब्दांच्या बाबतीत हात आखडता घेतला नव्हता. पोर्तुगालने १९५१ साली आपल्या राज्यघटनेतून वसाहत हा शब्द काढून टाकला आणि गोव्यासह साऱ्या वसाहतींना सागरपार प्रांत असे नामाभिधान दिले. दहा वर्षांनी, १९६१ साली गोव्यात जे घडले त्याला आपण मुक्ती म्हणतो. लिस्बनने त्याला आक्रमण म्हटले. कोशकाराला ह्या दोहोंपैकी एका बाजूला बसावेच लागते, किंवा दोन्ही बाजू नावानिशी नोंदवाव्या लागतात.

आता आपल्या अंगावर येणारा शब्द. बाटणे ह्या क्रियापदाची नोंद मोल्सवर्थच्या कोशात आहे, तशीच १९३२ ते १९३८ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातही आहे. विटाळणे, भ्रष्ट होणे हा त्याचा मूळ अर्थ आणि त्याला लागूनच परधर्मात जाणे हा दुसरा. बाटगा हे विशेषण-नाम त्यावरूनच आले. बाटग्याची बांग मोठी, ही म्हण शाळेच्या पुस्तकांतूनही भेटते. हा शब्द कोशात नसावा असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. मराठी माणूस जे बोलतो ते कोशाने नोंदविलेच पाहिजे, मग ते आपल्याला कितीही झोंबो. आक्षेप निराळा आहे. सोवळे-ओवळे मानणाऱ्या समाजात धर्मांतराला बाटणे म्हणत, असे लिहिले तर वक्ता कोण हे कळते. भ्रष्ट होणे, परधर्मात जाणे, अशी नुसती दोन पदे शेजारी मांडली म्हणजे वक्ता नाहीसा होतो आणि स्वतः मराठी भाषाच हा निवाडा देत आहे, असे भासते. त्याच कोशांतून एखादा शब्द ग्राम्य आहे, काव्यातला आहे, कोकणातला आहे, अशा खुणा काळजीपूर्वक दिलेल्या असतात. अमुक एका वर्गाच्या दृष्टीचा आहे, ही खूण मात्र मिळत नाही.

ह्या संदर्भात बाबा पदमनजींचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म १८३१ सालचा, बेळगावचा, म्हणजे मोल्सवर्थचा कोश आणि ते एकाच वर्षी जगात आले. त्वष्टा कासार घराण्यातील ह्या तरुणाने १८५४ मध्ये बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. त्या काळी बाप्तिस्मा घेणारा माणूस आप्तांच्या पंक्तीतून उठे आणि बाटगा हा शब्द त्याच्या पाठीशी रस्त्याने चाले. यमुनापर्यटन ह्या त्यांच्या १८५७ मधील कादंबरीमुळे वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव निघते. त्यांच्या कोशकार्याकडे मात्र दुर्लक्ष झाले आहे. मोल्सवर्थच्या अवाढव्य ग्रंथाचा संक्षेप करून तो शाळेतल्या मुलांच्या व सामान्य वाचकाच्या हाती देण्याचे काम त्यांनी केले. हा संक्षिप्त कोश १८६३ साली निघाला आणि १८७५ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती झाली. संक्षेप करणे म्हणजे प्रत्येक शब्दापाशी थांबून हा ठेवावा की गाळावा, ह्याचा निर्णय करणे. ज्या भाषेने त्याला विटाळलेला म्हटले, तिच्या शब्दभांडाराचा कारभार एका नवख्रिस्ती माणसाने अशा रीतीने हाती घेतला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावी पवित्र शास्त्राचे स्वतंत्र भाषांतर केले. ते १९२४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, पूर्ण छापून निघाले. त्यामागेही हीच तळमळ होती: शास्त्रीमंडळींच्या संस्कृतातून आलेले शब्द आपले जुने अर्थ बरोबर घेऊन येतात, तेव्हा साध्या बायाबापड्यांच्या मराठीत देवाचे वचन उतरले पाहिजे.

इथवर आपण दुसऱ्यांच्या कोशांतील पक्षपात पाहिला. कोशाने आपल्याला काय म्हटले, हे ज्याला ठाऊक आहे त्याने आपल्या कोशाने दुसऱ्याला काय म्हटले हेही पाहावयास हवे. म्हणून आता धर्मगुरूंच्या अभ्यासिकेत येऊ. आपल्या बहुतेक गुरुकुलांच्या ग्रंथालयांत नव्या कराराच्या ग्रीक शब्दांचा एक दहा खंडांचा कोश असतो. त्याला सगळे किट्टेल ह्याच नावाने ओळखतात. मूळ जर्मन ग्रंथाचा पहिला खंड १९३३ मध्ये स्टुटगार्टला प्रसिद्ध झाला. ब्रोमिली यांचे इंग्रजी भाषांतर १९६४ ते १९७६ ह्या काळात पूर्ण झाले आणि तेव्हापासून हा ग्रंथ आपल्या प्रबंधांचा, प्रवचनांचा, धर्मशिक्षणाच्या टिपणांचा आधारस्तंभ झाला आहे. प्रीती, कृपा, विश्वास, शांती ह्यांवरील त्यातील लेख वाचून ज्याला लाभ झाला नाही, असा नव्या कराराचा शिक्षक विरळा.

संपादक गेरहार्ट किट्टेल हे ट्यूबिंगेन विद्यापीठाचे प्राध्यापक, आणि हिब्रू बायबलचे प्रख्यात संपादक रुडॉल्फ किट्टेल यांचे पुत्र. १९३३ च्या मे महिन्यात ते हिटलरच्या पक्षाचे सभासद झाले. पुढच्याच महिन्यात त्यांनी यहुदी प्रश्न ह्या विषयावर जाहीर व्याख्यान दिले व ते छापले. यहुद्यांचे काय करावे, ह्याचे चार मार्ग त्यांनी चर्चिले: संहार, पॅलेस्टाइनमध्ये पाठवणी, समाजात विलीनीकरण आणि पाहुण्याचा दर्जा. पहिला त्यांनी अव्यवहार्य म्हणून बाजूला सारला आणि चौथ्याचा पुरस्कार केला. पाहुणा म्हणजे ज्याला नागरिकत्वाचे हक्क नाहीत, विद्यापीठात, शासनात, वृत्तपत्रांत जागा नाही, असा माणूस. मार्टिन बूबर यांनी त्याच वर्षी त्यांना खुले उत्तर लिहिले. किट्टेल पुढे यहुदी प्रश्नाच्या संशोधनासाठी सरकारने काढलेल्या संस्थेतही दाखल झाले. युद्ध संपताच, मे १९४५ मध्ये, फ्रेंचांनी त्यांना अटक केली. सुमारे सतरा महिने ते कैदेत होते, आणि १९४८ मध्ये वारले. आपले कार्य शास्त्रीय व ख्रिस्ती भूमिकेतूनच झाले, असा बचाव त्यांनी १९४६ मध्ये लिहून ठेवला आहे. तो प्रामाणिक नसेल असे मला म्हणवत नाही, आणि त्यामुळेच तो अधिक भयावह वाटतो.

कोशाचे पहिले चार खंड किट्टेल यांच्या संपादनाखाली १९३३ ते १९४२ ह्या वर्षांत निघाले. ही वर्षे ध्यानात ठेवावीत. यहुदी कोण, ह्याची व्याख्या १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी राजपत्रात केली. यहुदी आणि इस्राएल ह्या शब्दांवरील लेख कोशाच्या तिसऱ्या खंडात १९३८ मध्ये आले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीभर सिनेगॉगे जळाली. अशा वेळी इयुदायोस ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ लिहिणे हे निव्वळ भाषाशास्त्र राहिलेले नव्हते. त्या लेखाच्या एका महत्त्वाच्या भागाचे लेखक कार्ल गेओर्ग कून हे हिटलरच्या पक्षाचे १९३२ पासूनचे सभासद आणि यहुदी प्रश्नावरील प्रचारक वक्ते होते. त्यांची मांडणी अशी की, इस्राएल हे त्या लोकांचे स्वतःचे, आतले नाव. यहुदी हे परक्यांनी वापरलेले, बरेचदा तुच्छतादर्शक, बाहेरचे नाव. ही विभागणी अनेक दशके पाठ्यपुस्तकांतून चालत राहिली. अलीकडे तिच्यावर बरेच आक्षेप घेतले गेले आहेत, पण ज्या मनुष्याने ती केली त्याला बाहेरच्या नावाची धार चांगलीच ठाऊक होती.

उघड द्वेषाची वाक्ये ह्या कोशात फार सापडत नाहीत. जॉन्सनसारखी शिवी येथे नाही. पक्षपात आहे तो रचनेत. बहुतेक मोठ्या लेखांचा साचा ठरलेला असे: प्रथम ग्रीक जग, नंतर जुना करार, मग उत्तरकालीन यहुदी धर्म, आणि अखेरीस नवा करार. उत्तरकालीन हा शब्द नीट पाहावा. येशूच्या काळी जो धर्म जिवंत होता, ज्याची तालमूद अजून लिहून व्हायची होती, जो त्यानंतर दोन हजार वर्षे टिकून आहे, त्याला उत्तरकालीन म्हणणे म्हणजे तो तेथे संपला असे गृहीत धरणे. जुन्या करारात वर चढलेली रेषा ह्या मथळ्याखाली नियमांच्या जंजाळात उतरते आणि नव्या करारात पुन्हा उजळते. विद्यार्थी शंभर लेख वाचतो आणि शंभर वेळा हाच उतार उतरतो. एकाही वाक्याशी वाद घालावा असे त्याला वाटत नाही, पण शेवटी परूशी म्हणजे दांभिक, नियमशास्त्र म्हणजे ओझे, हे समीकरण त्याच्या हाडीमाशी खिळते. जेम्स बार यांनी १९६१ मध्ये ह्या कोशावर जी प्रसिद्ध टीका केली ती भाषाशास्त्रीय होती. अर्थ वाक्यात असतो, एकेका शब्दावर सबंध ईश्वरविद्या लादता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. मथळ्यांमधील राजकारणाची झडती त्यानंतर हळूहळू सुरू झाली. रॉबर्ट एरिक्सन यांचे हिटलरच्या काळातील ईश्वरविद्यापंडितांवरील पुस्तक १९८५ मध्ये आणि सुझाना हेशेल यांचे आर्य येशूवरील पुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

धर्मशिक्षकांनी वाल्टर ग्रुंडमान हे नाव विशेष लक्षात ठेवावे. सामर्थ्य, चांगुलपण अशा शब्दांवरील लेख त्यांचे. जर्मन ख्रिस्ती जीवनातून यहुदी प्रभाव काढून टाकण्यासाठी मे १९३९ मध्ये आयझेनाख येथे जी संस्था उघडली, तिचे हे शास्त्रीय प्रमुख. तिने १९४० मध्ये यहुदी संदर्भ छाटलेला नवा करार छापला, आणि १९४१ मध्ये त्याच धर्तीची प्रश्नोत्तरीही काढली. येशू यहुदी नव्हता, असे ग्रुंडमान प्रतिपादीत. युद्धानंतर पूर्व जर्मनीत आयझेनाखमध्येच ते धर्मशिक्षकांना शिकवीत राहिले, आणि शुभवर्तमानांवरील त्यांची भाष्ये पुष्कळ वाचली गेली.

किट्टेलच्या कोशात केवळ अशीच माणसे होती असे समजणे अन्यायाचे होईल. राज्य, म्हणजे देवाच्या राज्यातले राज्य, आणि ख्रिस्तसभा ह्या दोन शब्दांवरील लेख कार्ल लुडविग श्मिट यांचे. समाजवादी म्हणून १९३३ मध्येच त्यांना बॉनच्या अध्यासनावरून दूर करण्यात आले व ते स्वित्झर्लंडला गेले. त्याच वर्षीच्या जानेवारीत, हिटलर सत्तेवर येण्याच्या पंधरवडाभर आधी, स्टुटगार्टच्या यहुदी अध्ययनगृहात त्यांनी बूबर यांच्याशी समोरासमोर चर्चा केली होती. एथ्नोस, आपल्या मराठी बायबलात ज्याचे राष्ट्र व परराष्ट्रीय असे भाषांतर होते, ह्या शब्दाचा लेख दोघांनी लिहिला आहे. नव्या करारावरील भाग श्मिट यांचा, आणि सप्तति भाषांतरावरील भाग गेओर्ग बेर्ट्रम यांचा. बेर्ट्रम १९४३ पासून ग्रुंडमान यांच्या त्या संस्थेचे प्रमुख झाले. निर्वासित आणि छळणाऱ्यांचा सहकारी एकाच नोंदीत शेजारी शेजारी बसले आहेत. कोशातील लेखांखाली लेखकांची नावे छापलेली असतात, ही मोठीच सोय. म्हणून मी विद्यार्थ्यांना लेखाचे टिपण काढताना लेखकाचे नाव आणि मूळ जर्मन खंडाचे वर्ष वहीत लिहावयास लावतो. पाचव्या खंडापासून संपादक गेरहार्ट फ्रीड्रिख आहेत आणि वर्ष १९५४ आहे. त्यानंतरच्या खंडांतही उत्तरकालीन हा मथळा सुटलेला नाही, हेही त्यांना लवकरच दिसते.

पूर्व जर्मनीचा उल्लेख वर आला, तेव्हा तेथील दुसऱ्या एका कोशाची गोष्ट तुलनेसाठी सांगून टाकतो. क्लापेनबाख आणि श्टाइनिट्झ यांनी पूर्व बर्लिनच्या अकादमीतर्फे समकालीन जर्मन भाषेचा सहा खंडी कोश १९६१ पासून काढावयास घेतला. पहिले तीन खंड, ए पासून एल पर्यंत, रीतसर विद्वत्तेचे होते. श्टाइनिट्झ १९६७ मध्ये वारले. त्यानंतर चौथ्या खंडापासून सारा शब्दसंग्रह मार्क्स-लेनिनच्या विचारसरणीला धरून मांडला जाईल, असे जाहीर करण्यात आले. त्यामुळे असे झाले की, के अक्षराने सुरू होणारी भांडवलशाही जुन्या दृष्टीने आणि एस अक्षराने सुरू होणारा समाजवाद नव्या दृष्टीने कोशात आला. धर्म ह्या अर्थाचा जर्मन शब्द आर अक्षराचा असल्याने तोही फाळणीच्या पलीकडे पडला. हे वाचून हसू येते. पण वाचकाला निदान सांगितले तरी होते. किट्टेलच्या शीर्षकपृष्ठावर अशी सूचना नाही.

आपल्या कॅथलिक उपासनेलाही ह्या प्रश्नाने सोडले नव्हते. पवित्र शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी पेर्फिदिस हे लॅटिन विशेषण शतकानुशतके वाचले जाई. विश्वास न ठेवणारे, एवढाच त्याचा अर्थ, असे लॅटिनचे जाणकार सांगत. परंतु इटालियन, फ्रेंच, इंग्रजी ह्या भाषांत त्याच शब्दाची जी लेकरे आहेत त्यांचा अर्थ विश्वासघातकी असा आहे, आणि गुडघे टेकलेला भाविक लॅटिनचा कोश घेऊन प्रार्थनेला येत नाही. रोमच्या विधिविषयक मंडळाने १९४८ मध्ये भाषांतरात सौम्य शब्द वापरण्यास हरकत नाही असे कळविले. पोप तेविसावे योहान यांनी १९५९ मध्ये शब्दच काढून टाकला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये ख्रिस्तेतर धर्मांविषयीची घोषणा संमत केली तेव्हा किट्टेलच्या इंग्रजी भाषांतराचे काम अर्ध्यावर होते.

हा सारा प्रश्न दूर युरोपचा आहे, असे मराठी धर्मगुरूला म्हणता येत नाही, कारण यहुदी आपल्या भाषेचे घरचे आहेत. कोकणच्या किनाऱ्यावर, अलिबाग-पेणच्या परिसरात, शेकडो वर्षे राहिलेला बेने इस्राएल समाज मराठी बोलतो. १९४८ नंतर त्यातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथेही मायबोली नावाचे त्यांचे मराठी नियतकालिक निघत असे. गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत, कारण ते घाण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. शनिवार तेली हे बाहेरचे नाव, बेने इस्राएल हे आतले. ते बाहेरचे नाव कोणत्याही कोशात वाचताना बेळगावचे बाबा पदमनजी आठवावेत. वल्हांडणाच्या रात्री घरात वाचावयाची हग्गादा ह्या समाजाने मराठी भाषांतरासह १८७४ साली पुण्यात छापली, आणि पुढच्याच वर्षी पदमनजींच्या संक्षिप्त कोशाची दुसरी आवृत्ती बाहेर पडली. ज्या धर्माला किट्टेलच्या लेखकांनी उत्तरकालीन ठरविले, त्या धर्माची मुले त्या रात्री घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठीतून विचारू शकत होती, की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का.